बागेत उतरलेली वाघीण

इंग्रजीतल्या वॅगनची मराठीत वाघीण झाली आणि ती इतकी रुळली, की ‘मालगाडीच्या चार वाघिणी घसरल्या’ ही बातमी वाचताना कुणाच्याही डोळ्यांसमोर जंगल येत नाही. मला मात्र एक वाघीण बागेत भेटली. वांग्या-टोमॅटोच्या शेजारी नव्हे, कारण इथल्या थंडीत वांगी धरत नाहीत. बटाटे, घेवडा आणि कोबीच्या शेजारी.

मी इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरला राहते. इथे भाजीपाला लावायला जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्यानं मिळतात. आमच्या तुकड्यांच्या टोकाला सगळ्यांची मिळून अवजारांची एक लाकडी खोली आहे. पहिल्या दिवशी मी तिच्यात फावडं घ्यायला गेले, तेव्हा दाराला बागेतल्या शेडसारखी नाजूक कडी नव्हती. मुठीत भरेल अशी जाड लोखंडी पट्टी होती, ती दोन्ही हातांनी उचलावी लागली. आत छत सपाट नव्हतं, कमानीसारखं वाकलेलं होतं. खालच्या फळ्यांवर खोल ओरखडे होते. दोन्ही टोकांच्या भिंतींवर, छताच्या जरा खाली, पत्र्याच्या टोप्या घातलेले झरोके होते. आणि बाहेर दाराशेजारी, तांबूस रंगाखालून, फिकट पांढरी दोन अक्षरं दिसत होती: एक्सपी.

ती अक्षरं म्हणजे या डब्याचा वेगाचा परवाना होता. ज्या वाघिणीची चाकं पुरेशी लांब अंतरावर बसवलेली आहेत, जिला सलग ब्रेकची, म्हणजे इंजिनातून गाडीभर एकदम लागणाऱ्या ब्रेकची, जोडणी आहे, ती प्रवासी गाडीच्या वेगानं जाणाऱ्या गाडीत जोडायला हरकत नाही, असा त्यांचा अर्थ. म्हणजे आमची फावडी ठेवायची खोली एके काळी लंडनच्या दिशेनं धावत होती. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे आणि जे कळलं ते इथे सोपं करून सांगते. विषय दिसतो तेवढा साधा नाही. त्यात अर्थशास्त्र आहे, सुतारकाम आहे, थोडा कायदा आहे आणि थोडं विषही आहे.

आधी अर्थशास्त्र. मालवाहू वाघीण म्हणजे खरं तर एकमेकींवर ठेवलेल्या दोन वस्तू. खाली सांगाडा: चाकं, आस, स्प्रिंगा, बफर, ब्रेक. वर डबा: लाकडी चौकट, फळ्या, छत, दारं. वाघीण म्हातारी होऊन भंगारात निघाली, की सांगाड्याला लोखंडाचा भाव मिळतो. डब्याला काहीच मिळत नाही. फळ्या खिळ्या-बोल्टांनी जखडलेल्या, सोडवायची मजुरीच लाकडापेक्षा महाग. म्हणून भंगारवाले लाकडी डबे सरळ पेटवून द्यायचे आणि राखेतून लोखंड वेचायचे. अशा वेळी एखादा शेतकरी थोडे पैसे घेऊन दारात उभा राहिला, तर सौदा दोघांच्याही फायद्याचा. जळणारच होतं ते विकलं गेलं आणि शेतकऱ्याला एका दिवसात पक्की कोठी मिळाली.

हे डबे पहिल्यांदा वापरले ते मात्र शेतकऱ्यांनी नव्हे, खुद्द रेल्वेनं. कंदिलांची खोली, रुळांवर काम करणाऱ्या माणसांची जेवायची जागा, सामानाची कोठी, अशा कामांसाठी स्टेशनांच्या आवारात जुने डबे चाकं काढून ठेवलेले असत. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८८६ पासून लोखंडी पत्र्याच्या बंद वाघिणी बांधल्या, त्यांना ‘आयर्न मिंक’ म्हणत. चार हजारांवर बनल्या, आणि त्यांतल्या कितीतरी शेवटी स्टेशनच्या एका कोपऱ्यात जमिनीवर बसल्या.

प्रवासी डब्यांची गोष्ट त्याच सुमाराची. चार आणि सहा चाकांचे छोटे डबे जुने ठरले, दोन्ही टोकांना चाकांच्या फिरत्या चौकटी असलेले लांब डबे आले. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती. दक्षिण किनाऱ्यावर शोरम, सेल्सी, पॅगम या भागांत लोकांनी वाळूवर जुने डबे आणून घरं केली. त्यातली एक युक्ती फार सुरेख आहे: दोन डबे समोरासमोर समांतर ठेवायचे, मधल्या मोकळ्या जागेवर छप्पर घालायचं, की मध्ये दिवाणखाना आणि दोन्ही बाजूंना डब्याच्या कप्प्यांच्या झोपायच्या खोल्या. शोरमची अशी वस्ती ‘बंगलो टाउन’ म्हणूनच ओळखली जायची. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीनं किनारा मोकळा करताना तिथली बहुतेक घरं पाडली. पॅगम आणि सेल्सीला काही अजून आहेत, आणि केंटमधल्या डंजनेसच्या दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरही.

मालवाहू डब्यांचा मोठा लोंढा पुढे आला. १ जानेवारी १९४८ ला ब्रिटनमधल्या चार मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारच्या झाल्या, तेव्हा नव्या ब्रिटिश रेल्वेच्या पदरात बारा लाखांवर वाघिणी पडल्या. त्यांतल्या पाच लाखांच्या पुढे तर खाणमालक आणि व्यापाऱ्यांच्या खासगी वाघिणी होत्या. इतक्यांची गरजच नव्हती. १९५५ ची आधुनिकीकरणाची योजना, तोट्यातले मार्ग बंद करायला सांगणारा १९६३ चा बीचिंग अहवाल, रस्त्यावर वाढलेले ट्रक, यांमुळे एकेक दोन-दोन वाघिणींनी माल पाठवायचा धंदाच बसत गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जुन्या ब्रेकच्या बंद वाघिणी झपाट्यानं निघत होत्या आणि शेतांवर, बागांत, गॅरेजांमागे जाऊन बसत होत्या. उघड्या वाघिणींना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना छप्पर नाही.

छप्पर हाच या सगळ्याचा गाभा आहे. पण त्याआधी माप बघू.

ब्रिटिश रेल्वेची नेहमीची १२ टनी बंद वाघीण साडेसतरा फूट लांब आणि सुमारे आठ फूट रुंद. म्हणजे साधारण १४० चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते, तीत कुटुंबंच्या कुटुंबं वाढली. तेव्हा १४० फूट म्हणजे किती हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. इंग्लंडच्या नियमांतही हे माप नेमकं बसतं. ज्या सुट्या बांधकामात कुणी झोपणार नाही आणि ज्याचं आतलं क्षेत्र १५ चौरस मीटरच्या आत आहे, त्याला बांधकाम नियमांची परवानगी साधारणपणे लागत नाही. आपली वाघीण १३ च्या आसपास भरते. नियोजनाचा नियम वेगळा. घराच्या पुढच्या भिंतीच्या पुढे ठेवायची नाही, आणि कुंपणापासून दोन मीटरच्या आत ठेवायची तर उंची अडीच मीटरच्या वर नको. इथेच लोक फसतात. डबा स्वतः आठ फुटांच्या आगेमागे, म्हणजे अडीच मीटरला टेकलेला. खाली भक्कम टेकू दिले की तो हद्द ओलांडतो. तेव्हा कुंपणापासून दोन मीटर सोडलेले बरे. वारसा म्हणून नोंदलेल्या घरांना याहून कडक नियम असतात.

आता डबा उभा कशावर राहतो ते बघू. रुळांवर असताना डब्याला स्वतःची कंबर लागत नाही. तो लोखंडी सांगाड्यावर लांबीभर बसलेला असतो, सगळा भार सांगाडा वाहतो. सांगाडा काढला की डबा म्हणजे तळ नसलेल्या टोपलीसारखा होतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंतींत ऐन मध्यावर मोठं दार, म्हणजे जिथे वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त तिथेच भिंत तोडलेली. असा डबा चार कोपऱ्यांवर चार विटांचे थर रचून ठेवला, तर दोन हिवाळ्यांत त्याचा मध्य खचतो. पहिली खूण म्हणजे दारं घासायला लागतात. लोक दारं रंधतात. दारांचा दोष नसतो. जिथे सांगाड्याच्या लांब तुळया होत्या, बरोबर त्याच दोन रेषांवर, लांबीभर टेकू द्यायला हवेत, आणि दाराच्या दोन्ही खांबांखाली तर हवेतच. आमच्या खोलीच्या दाराला गेल्या वर्षी जॅक लावून मध्य दीड इंच उचलला, तेव्हा इतकी वर्षं अडकणारं दार एका बोटानं उघडलं. रंधा मारला असता, तर आता तिथे दीड इंचाची फट असती.

टेकू जमिनीपासून वीतभर तरी उंच हवेत, म्हणजे खालून वारा खेळतो. कोकणातलं घर जोत्यावर का बांधतात हे ज्याला माहीत आहे, त्याला हे समजावायला नको. इंग्लंडमध्ये आपल्यासारखी वाळवी नाही, पण ओल आहे, आणि ओल लाकडाला वाळवीपेक्षा सावकाश खाते एवढंच. गवत, पालापाचोळा, शेणखताचा ढीग डब्याच्या भिंतीला टेकला, की फळ्यांचं खालचं टोक ओलं राहतं आणि कूज खालून वर चढते.

आणि छप्पर. जुन्या वाघिणीच्या छताची रचना मोठी विचारानं केलेली असते. कमानीसारखे वाकवलेले आधार, त्यांवर लांबीभर फळ्या, फळ्यांवर सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, घट्ट लेपासारखा फासलेला. तो ओला असतानाच त्यावर जाड कापड ताणून बसवायचं आणि वरून पुन्हा रंग. डबा रुळांवर होता तोवर कारखान्यात या छताची देखभाल व्हायची. बागेत आला की कुणीच वर चढत नाही. कापडाला भेग पडते, पाणी आत शिरतं, पण ते सरळ खाली ठिबकत नाही. ते फळीखालून कडेला जातं, भिंतीच्या वरच्या आडव्या लाकडात मुरतं, तिथून उभ्या खांबांतून उतरतं आणि खांब जिथे तळाला सांधलेला आहे तिथे साचतं. म्हणून गळती वर असते आणि कूज खाली सापडते. डबा विकत घ्यायचा तर रंग बघू नका. अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर घेऊन खांबांचे पाय आणि वरच्या आडव्या लाकडाची टोकं टोचून बघा. चांगलं लाकूड टोकाला ढकलून देतं. कुजलेल्यात ते लोण्यात शिरावं तसं जातं.

चौकट बहुधा ओकची असते. आपल्याकडे सागाला जो मान, तो तिथे ओकला. पण ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी बोल्टाला गंजवतं. बोल्टाभोवती काळं-निळं वर्तुळ दिसतं ते त्याचंच. गंज फुगतो आणि लाकूड चिरतो. असे बोल्ट बदलताना नवे जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

शेतकऱ्यांनी छताच्या दुखण्यावर एक उपाय काढला तो मला कारागिरांच्या उपायांपेक्षाही आवडतो. त्यांनी जुन्या छताला हातच लावला नाही. वर वीत-दीड वीत मोकळी जागा सोडून नालीदार पत्र्याचं दुसरं उतरतं छप्पर घातलं. आज जे डबे शंभर वर्षांनंतरही ठणठणीत सापडतात, ते बऱ्याचदा अशा दुसऱ्या छपराखालचेच असतात. डब्याला डोक्यावर छत्री आणि पायात खडावा मिळाल्या, की मधलं लाकूड स्वतःला सांभाळतं.

झरोके बुजवू नका. पत्र्याच्या त्या टोप्या पाऊस अडवतात आणि वारा सोडतात. फळं, धान्य, पोती यांना घाम फुटू नये म्हणून त्या होत्या, आणि कांदे टिकवायला आजही त्यांच्याइतकं दुसरं काही चांगलं नाही. उंदरांसाठी आतून बारीक जाळी लावली की झालं.

आता विषाबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही आणि लोक हौसेनं सँडपेपर घेऊन बसतात. छतावरचा सफेदा शिशाचा, हे वर आलंच. जुन्या रंगांतही शिसं असतं. कोरडं घासलं की त्याची धूळ नाकातोंडात जाते, बागेच्या मातीत पडते आणि त्या मातीतल्या मुळ्यांना चिकटून घरात येते. लहान मुलांना तर ती फारच घातक. रंग काढायचाच असेल तर ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला योग्य मास्क लावा, आणि जाळू तर अजिबात नका. दुसरं म्हणजे रुळांखालचे जुने स्लीपर. डब्याखाली टेकू म्हणून ते सुचणं साहजिक आहे, दोघंही एकाच घरातले. पण ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असतात; घरगुती वापरासाठी ते तेल विकायला २००३ पासून बंदी आहे. भाजीच्या वाफ्याजवळ ते नकोत. काँक्रीटचे ठोकळे बरे. तिसरी गोष्ट मालडब्यांची नाही, प्रवासी डब्यांची आहे: १९५० च्या दशकापासूनच्या डब्यांत आवाज आणि थंडी रोखायला अ‍ॅस्बेस्टॉसचा फवारा मारलेला असायचा. असा डबा तपासणीशिवाय घेऊच नये.

गार्डाच्या डब्याविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण बागेसाठी तो सगळ्यांत देखणा. जुन्या ब्रिटिश मालगाड्यांत बहुतेक वाघिणींना सलग ब्रेक नसे, म्हणून शेवटी एक जड डबा असे आणि त्यात बसलेला गार्ड हातानं चाक फिरवून ब्रेक आवळत असे. ग्रेट वेस्टर्नच्या अशा डब्याला ‘टोड’ म्हणत. एका टोकाला उघडी पडवी, आत शेगडी आणि बाक. पडवीत खुर्ची टाकली की बागेतली बैठक तयार. मात्र शेगडी पेटवायच्या आधी धुराडं छतातून जातं तिथे लाकूड किती जवळ आहे, ते नीट तपासा.

माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची गोष्ट डब्यावरची अक्षरं. नंबराची ओतीव पाटी सांगाड्यावर असायची, ती सांगाड्याबरोबर भंगारात गेली. उरतं ते रंगवलेलं. कंपनीची आद्याक्षरं भिंतीभर मोठी असतील तर रंग साधारण १९३६ च्या आधीचा. कोपऱ्यात छोटी असतील तर नंतरचा. नंबराआधी एम, ई, डब्ल्यू किंवा एस असेल, तर डबा १९४८ पूर्वीच्या त्या चार कंपन्यांपैकी एकीचा आणि १९४८ नंतर पुन्हा रंगवलेला. बी असेल तर ब्रिटिश रेल्वेनं स्वतः बांधलेला किंवा मागवलेला. ब्रिटिश रेल्वेच्या काळात तांबूस रंग म्हणजे सलग ब्रेकची वाघीण, करडा म्हणजे बिनब्रेकची. फळ्याही बोलतात. त्या चारांतल्या सदर्न रेल्वेच्या काही वाघिणींवर दोन रुंद, दोन अरुंद अशा फळ्यांच्या जोड्या दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हव्या त्या मापाचं लाकूड मिळेना, तेव्हा मिळालं ते असं जुळवून घेतलं.

हे वाचन केवळ हौस नाही. जुन्या रेल्वे जतन करणाऱ्या संस्थांना कित्येक प्रकारच्या डब्यांचा एकमेव नमुना कुणाच्या तरी परसात सापडला आहे. आइल ऑफ वाइट या बेटावरच्या वाफेच्या रेल्वेत आज जे व्हिक्टोरियन डबे धावतात, त्यांतले बरेच कितीतरी वर्षं सुटीची घरं किंवा शेड होऊन जमिनीवर बसले होते. त्यांना नंतरच्या काळातल्या डब्यांचे सांगाडे मापात कापून खाली बसवले आणि पुन्हा रुळांवर आणलं. ससेक्सच्या ब्लूबेल रेल्वेनंही असे उतरलेले डबे पुन्हा उभे केले. तेव्हा जुना डबा पाडायचा असेल, तर आधी फोटो काढून जवळच्या अशा संस्थेला दाखवावा. त्यांना सगळा डबा नको असेल तरी दाराची एक कडी किंवा झरोक्याची टोपी हवी असू शकते, कारण तशी नवी कुठे मिळत नाही.

आपल्याकडे हे का झालं नाही, असं मला इथे येणारे पाहुणे विचारतात. आपल्या आजच्या वाघिणी पोलादी, आठ चाकांच्या. ‘बीसीएन’ नावाची बंद वाघीण चौदा मीटरच्या पुढे लांब असते. भंगारात पोलादाला वजनावर भाव आहे, त्यामुळे लिलावात डबा आणि सांगाडा वेगळे करायचं कुणाला कारण नाही. आणि विदर्भाच्या उन्हात पोलादी डब्यात दुपारी क्षणभर उभं राहवणार नाही. प्रवासी डब्यांना मात्र दुसरं आयुष्य मिळू लागलं आहे: मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात २०२१ मध्ये एका जुन्या डब्यात रेस्टॉरंट सुरू झालं.

आमच्या वाघिणीवर ऑक्टोबरात आम्ही सहा जणांनी मिळून पत्र्याचं दुसरं छप्पर चढवलं. जुन्या कापडाला हात लावला नाही. मग भिंती रंगवायच्या ठरल्या. दाराशेजारी हातभर चौकोन मी चिकटपट्टीनं आखून सोडायला लावला आणि बाकी सगळा डबा तांबूस रंगवला. चिकटपट्टी काढल्यावर खरवडलेल्या, उडालेल्या जुन्या रंगाचा तो तुकडा नव्या रंगात ठिगळासारखा दिसत होता. एक्सपी, आणि त्याखाली चाकांमधलं अंतर: दहा फूट.